ड्रॅगन फ्रूट लावताय? आधी खांब, मग वेल

"वेल हिरवीगार आहे, तीन वर्षं झाली, फळाचा पत्ता नाही." "फुलं आली आणि सगळी गळाली." "फळ बाहेरून लालभडक, आतून पाणचट." ड्रॅगन फ्रूटच्या बहुतेक तक्रारी या तीन वाक्यांत बसतात. खोलात गेलं की खत किंवा औषध कमी पडलेलं क्वचितच असतं. कामांचा क्रम चुकलेला असतो. वेल आधी लावली आणि खांब नंतर रोवला. काडी, म्हणजे लावायला कापलेला वेलीचा तुकडा, सुकायच्या आत मातीत खोचली. शेंडा खांबाच्या माथ्यावर पोचायच्या आधीच खुडला. फळ रंगलं त्याच दिवशी तोडलं.

दुसरी गोची ड्रॅगन फ्रूटला चिकटलेल्या 'निवडुंग' या शब्दाची. हा निवडुंग खरा, पण वाळवंटातला नाही. उष्ण प्रदेशातल्या जंगलात झाडांच्या खोडांना धरून वर चढणारा, कुजलेल्या पाल्यात मुळं पसरणारा हा वेल आहे. म्हणून त्याला आधार लागतो, सेंद्रिय माती लागते, बऱ्यापैकी ओल लागते आणि रणरणत्या उन्हात तो भाजतो. दुसरीकडे, खोड पाणी साठवणारं असल्यामुळे मुळाशी पाणी साचलं की सडायला वेळ लागत नाही. दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात ठेवाव्या लागतात.

टप्पा १: जात ठरवा, आणि एकच जात लावू नका

प्रकार ढोबळमानाने तीन. लाल साल आणि पांढरा गर, लाल साल आणि लाल किंवा जांभळट गर, पिवळी काटेरी साल आणि पांढरा गर. पिवळं सहसा सगळ्यांत गोड, पण आकाराने लहान, आणि फूल उमलल्यापासून पिकायला तीन महिने किंवा त्याहून जास्त घेतं. लाल सालीची फळं साधारण महिन्याभरात तयार होतात. सुरुवात करणाऱ्याने लाल सालीचंच घ्यावं.

रंगापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: ही जात स्वतःच्या परागकणांवर फळ धरते का? काही धरतात, काही अजिबात नाही, काही धरतात पण फळ लिंबाएवढं राहतं. लाल गराच्या अनेक जातींना दुसऱ्या जातीचे परागकण लागतात. म्हणून एकाच वेळी फुलणाऱ्या निदान दोन वेगळ्या जाती हव्यात.

*सावध:* एकाच वेलीच्या पाच काड्या लावल्या म्हणजे पाच झाडं झाली, असं परागीकरणाच्या बाबतीत होत नाही. त्या पाचही काड्या म्हणजे तीच एक वेल. फुलं भरपूर आणि फळं शून्य, याचं हे सर्वांत मोठं कारण.

काडी पाहून गराचा रंग खात्रीने सांगता येत नाही. मी एकदा 'लाल गर' म्हणून आणलेल्या सहा काड्यांतल्या चार पांढऱ्या निघाल्या, आणि ते कळायला दीड वर्ष गेलं. जमलं तर फळ धरलेली वेल स्वतः पाहून तिचीच काडी घ्या.

बियांपासून रोप करायचं असेल तर मौज म्हणून करा. उगवतं सहज, पण फळाला अनेक वर्षं लागतात आणि ते मूळ फळासारखंच असेल याची हमी नसते.

टप्पा २: खांब, काडी आणायच्या आधी

वेल वीस वर्षं किंवा जास्त टिकते. एका खांबावरच्या चार पूर्ण वाढलेल्या वेलींचा भार शंभर किलोच्या आसपास सहज जातो, आणि तोही माथ्यावर लोंबणारा. बांबू रोवून "पुढे बघू" म्हणणाऱ्यांचा खांब बरोबर पहिल्या बहराच्या वर्षी वाकतो, आणि तेव्हा वेल सोडवून पुन्हा बांधता येत नाही. फांद्या मोडतातच.

जमिनीत लावायचं असेल तर सिमेंटचा साधारण ७ फुटी खांब घ्या. २ फूट जमिनीत, ५ फूट वर. माथ्यावर दोन आडवे गज आणि त्यांवर दीड ते दोन फूट व्यासाची चकती बसवा. जुना टायरही चालतो. चकतीची कड धारदार असेल तर जुना पाइप उभा चिरून तिच्यावर चढवा. वाऱ्याने फांद्या कडेवर घासतात, आणि त्याच जखमेतून कुज शिरते.

लाकूड जमिनीलगत कुजतं. लोखंडी पाइप उन्हात तापून हवेतली मुळं जाळतो. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पाइपला मुळं धरतच नाहीत. प्लॅस्टिकचाच पाइप वापरायचा असेल तर आत काँक्रीट भरा आणि बाहेरून गोणपाट गुंडाळा.

दोन खांबांत आणि दोन ओळींत १० फूट अंतर ठेवलं तर एकरी साधारण साडेचारशे खांब आणि अठराशे वेली बसतात. अंतर कमी करायचा मोह होतो, कारण पहिल्या वर्षी सगळं रिकामं दिसतं. तिसऱ्या वर्षी मधून चालता येत नाही.

गच्चीवर लावणार असाल तर किमान ५० ते ६० लिटरचं पिंप, त्यात जास्तीत जास्त दोन वेली, आणि खांब पिंपाच्या तळाशी काँक्रीटमध्ये पक्का. तळाची भोकं मात्र काँक्रीटने बुजू देऊ नका. शंभर लिटरचं पिंप ओल्या मातीसकट दीडशे किलोच्या घरात जातं. गच्ची ते पेलेल का, हे भरण्याआधी विचारा आणि पिंप तुळईच्या वर किंवा भिंतीलगत ठेवा.

*तपासा:* खांबाला खांदा लावून जोरात ढकला. हलला तर काडी लावायची वेळ झालेली नाही.

टप्पा ३: माती

मुळं उथळ. बहुतेक वरच्या फूटभरातच असतात. म्हणून खोल खड्ड्यापेक्षा उंचवटा उपयोगाचा. खांबाभोवती मातीचा फूटभर उंच, पसरट ढीग करा. भारी काळी माती असेल तर हा उंचवटा टाळताच येणार नाही.

मिश्रण साधं: दोन भाग माती, एक भाग जाडी वाळू किंवा बारीक खडी, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट. पिंपासाठी मातीचं प्रमाण कमी करून कंपोस्ट आणि नारळाचा भुसा वाढवा. मातीचा सामू (pH) ५.५ ते ७ दरम्यान असला की पुरे. अर्धवट कुजलेलं शेणखत टाकू नका. ते तापतं, हुमणी (मुळं खाणारी अळी) आणतं आणि कोवळी मुळं जाळतं.

*तपासा:* उंचवट्यावर बादलीभर पाणी ओता. पाच मिनिटांनीही वर तळं दिसत असेल तर वाळू-खडी वाढवा.

टप्पा ४: काडी तयार करणं

इथे घाई केली की पुढचं सगळं फुकट.

१. काडी गर्द हिरवी, जून, निदान एक हंगाम पाहिलेली घ्या. लांबी एक ते दीड फूट. फिकट पोपटी, लवलवीत फूट घेऊ नका. ती मुळं धरायच्या आधी सडते.

२. कापायची कात्री स्पिरिटने पुसा. प्रत्येक वेलीनंतर पुन्हा पुसा.

३. कापताक्षणी वरच्या टोकाच्या दिशेने मार्करने बाण काढा. हे पोरकट वाटतं, पण चार तासांनी वीस काड्या समोर पडल्या की वर कुठलं आणि खाली कुठलं हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. उलटी लावलेली काडी कधी मरते, कधी महिनोन्‌महिने रेंगाळते.

४. खालच्या टोकाचा मांसल भाग इंचभर तासा. पेन्सिलीला टोक करतो तसं. मधला काष्ठासारखा दोरा उघडा पडेल. मुळं तिथून निघतात, आणि सडतो तो भोवतीचा मांसल भाग.

५. आता पाच ते सात दिवस सावलीत, हवेशीर जागी उभ्या ठेवा. दमट हवेत दहा दिवस. पाणी नाही, पिशवीत गुंडाळणं नाही.

*तपासा:* कापलेल्या जागी बोट फिरवा. चिकट किंवा थंड ओलसर लागलं तर अजून थांबा. वाळलेल्या खपलीसारखं खरखरीत लागलं की काडी तयार.

काडी सुकवताना थोडी सुरकुतली तर घाबरू नका. सुरकुतलेली काडी जगते. ओली जखम घेऊन मातीत गेलेली आठवड्यात तळापासून पिवळी होते, आणि उपटली की हातात घाणेरड्या वासाचा लगदा येतो.

टप्पा ५: लावणी आणि पहिलं पाणी

काडीची एक बाजू सपाट असते. ती खांबाकडे करा, कारण हवेतली मुळं सपाट बाजूनेच निघून खांबाला धरतात. दोन इंचच खोल लावा. "पक्की बसावी" म्हणून अर्धी काडी पुरणं ही जुनी खोड आहे. पक्की बसवायचं काम मातीचं नव्हे, दोरीचं. जुन्या सुती कापडाच्या पट्टीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल गाठ मारा.

माती लावतानाच किंचित ओलसर असू द्या आणि मग तीन-चार दिवस पाणी देऊ नका. त्यानंतर वाफसा आला की, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली की, बेताने. मुळं धरायला महिना ते दीड महिना लागतो. हलकेच ओढून पाहिल्यावर काडीने विरोध केला की मुळं धरली. रोज ओढून पाहू नका.

एकदा रुजली की पाण्याचा नियम एकच: बोट दोन इंच मातीत घाला, कोरडं लागलं तरच द्या. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा लागेल, पावसात महिनाभरही लागणार नाही. खोडाशी ओतू नका, वीतभर दूर द्या. वाळलेल्या पाल्याचं दोन-तीन इंच आच्छादन घाला, पण तेही खोडाला टेकू देऊ नका.

पारा ३८ अंशांपुढे जातो तिथे पहिल्या वर्षी विरळ सावलीची जाळी बांधा. पुढे मात्र दिवसाला सहा तास तरी थेट ऊन हवं. सावलीत वेल लांबते, बारीक होते, पण फुलत नाही.

*सावध, ऊन की रोग?* उन्हाच्या बाजूलाच फिकट पिवळा, कोरडा पट्टा पडला असेल तर ते भाजणं. सावली करा, औषध नको. पाणचट, मऊ, वास येणारा डाग म्हणजे कुज. तो भाग निरोगी हिरव्यापर्यंत कापून टाका आणि जखमेला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. नारिंगी-तांबूस बारीक ठिपके पुढे खोलगट होऊन करडे खवले धरू लागले तर तो खोडावरचा बुरशीचा कँकर. कापलेले तुकडे कंपोस्टमध्ये न टाकता जाळा किंवा पुरा, आणि ताम्रयुक्त बुरशीनाशक वेष्टनावरच्या मात्रेनेच, संध्याकाळी फवारा.

टप्पा ६: वळण

नियम: जमिनीपासून चकतीपर्यंत एकच खोड. बाजूचे सगळे फुटवे कोवळे असतानाच काढा. ते काढायला जीव धजत नाही, हे मला माहीत आहे, पण खालच्या फुटव्यांना जवळपास कधीच फळ लागत नाही, आणि वर चढायला लागणारी ताकद ते खातात. दर फुटावर एक सैल गाठ.

शेंडा चकतीच्या वर वीतभर गेला की, आणि तेव्हाच, तो खुडा. खाली दोन-तीन फांद्या फुटतील. त्या चकतीवरून चारी बाजूंना सोडा. लोंबणाऱ्या, जून झालेल्या फांद्यांवरच फुलं येतात, त्यामुळे तीन फुटांवर खुडलेली वेल म्हणजे पुढची दोन वर्षं हिरवं झुडूप पाहत बसणं.

खत वर्षातून तीन-चार वेळा, मिळून खांबाला १० ते १५ किलो कंपोस्ट. वरूनच पसरा. कुदळीने चाळवलं तर उथळ मुळं तुटतात. कळ्यांचा हंगाम जवळ आला की युरिया आणि कोंबडीखत बंद. नत्र जास्त झालं की नुसत्या फांद्या सुटतात.

हंगाम संपल्यावर छाटणी. आतल्या बाजूच्या, गुंतलेल्या, दोनदा फळून गेलेल्या फांद्या काढा. छाटणी कोरड्या दिवशी करा, पावसाच्या तोंडावर नको.

टप्पा ७: फुलाची रात्र

दिवस बारा तासांहून मोठा झाला की कळ्या सुटतात, आणि त्या एका लाटेत येतात. मग खंड, मग पुन्हा लाट. कळी दिसल्यापासून फूल उमलायला दोन-तीन आठवडे लागतात. एका फांदीवर पाच-सहा कळ्या असतील तर दोनच ठेवा.

फूल एकाच रात्री उमलतं. दुपारपर्यंत घट्ट असलेली कळी संध्याकाळी फुगून तिची टोकं सुटायला लागतात. नऊ-दहा वाजता वीतभर रुंद पांढरा पेला पूर्ण उघडतो आणि मंद गोड वास सुटतो. मूळ प्रदेशात हे काम वटवाघळं आणि मोठे पतंग करतात. सकाळी मधमाश्या धावून येतात, पण ऊन चढता चढता फूल मिटतं. त्यामुळे हाताने परागीकरण शिकून घ्याच.

१. रात्री नऊनंतर वाटी, मऊ ब्रश आणि कपाळावरची बॅटरी घ्या.

२. पहिल्या जातीच्या फुलाखाली वाटी धरून पुंकेसर ब्रशने झटका. पिवळी भुकटी वाटीत जमते. पिठीसाखरेसारखी बारीक, बोटाला चिकटणारी.

३. फुलाच्या मधोमध पुंकेसरांच्याही पुढे आलेली, चांदणीसारखे फाटे फुटलेली कुक्षी दिसेल. दुसऱ्या जातीच्या फुलात त्या फाट्यांवर सर्व बाजूंनी भुकटी माखा. कंजूषी नको. फळाचा आकार आत किती बिया धरल्या यावर ठरतो, आणि बिया परागकणांवर.

४. मग उलट दिशेने हेच.

दुसरी जात त्या रात्री फुललीच नाही तर? परागकण कोरड्या डबीत घट्ट बंद करून फ्रिजमध्ये काही दिवस टिकतात. पाऊस येणार असेल तर माखून झाल्यावर फुलावर कागदी पिशवी किंवा चक्क छत्री अडकवा. भिजलेले परागकण कामातून जातात.

*तपासा:* पाच-सहा दिवसांनी फुलाच्या बुडाकडे पाहा. ते हिरवं आणि टणक असेल तर फळ धरलं. पिवळं पडून देठाशी सैल झालं तर गेलं. फळ धरल्यावर वाळलेल्या पाकळ्या हलक्या हाताने काढा. त्या ओल्या राहिल्या तर टोकाशी बुरशी धरते. ओढून निघत नसतील तर राहू द्या.

फळं पोसत असताना पाण्यात आठवड्याचा खंड आणि मग एकदम भडिमार केलात तर साल तडकते. थोडं पण नियमित द्या.

टप्पा ८: तोडणी

लाल जातींच्या फळाची साल फूल उमलल्यापासून साधारण पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला हिरव्याची लाल होते, दोन-तीन दिवसांत. आणि इथेच सगळे चुकतात. साल रंगली म्हणजे गर गोड झाला असं नाही. शिवाय तोडल्यानंतर हे फळ आंब्या-केळ्यासारखं पिकत नाही. आढीत घाला, कागदात गुंडाळा, साल मऊ होईल, साखर वाढणार नाही.

रंग पूर्ण आल्यावर आणखी चार-पाच दिवस थांबा. फूल उमलल्याची तारीख फांदीला चिठ्ठीवर लिहून बांधली असेल तर लाल सालीसाठी तीस ते पस्तीस दिवस मोजा. खुणा दोन: सालीवरच्या पाकळीसारख्या पानांची टोकं कोमेजून किंचित तपकिरी होतात, आणि अंगठ्याने दाबल्यावर फळ जरासं दबतं, पिकलेल्या पेरूइतकं. फार थांबलात तर फळ तडकतं, आणि पक्षी तुमच्या आधी पोचतात.

पिरगळून ओढू नका. फळाला लांब देठ नसतो, त्यामुळे फांदीची कड फाटते. कात्रीने फळाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी तिरका छेद द्या, चिमूटभर फांदी फळाबरोबर आली तरी चालेल. पिवळ्या जातीचे काटे पिकल्यावर सैल होतात. हातमोजे घालून कडक ब्रशने झाडूनच घरात आणा.

साध्या हवेत पाच-सहा दिवस, १० अंशांच्या आसपास दोन आठवडे टिकतं. फार थंड, म्हणजे ५ अंशांखाली, बरेच दिवस ठेवलं तर गर पाणचट आणि काचेसारखा होतो.

टप्पा ९: खाणं, आणि काय अपेक्षा ठेवायची

शंभर ग्रॅम गरात ८० टक्क्यांहून जास्त पाणी, साधारण ५० ते ६० कॅलरी, दहा-बारा ग्रॅम कर्बोदकं, दोन-तीन ग्रॅम तंतू, आणि थोडं क जीवनसत्त्व. पेरू किंवा संत्र्याच्या तुलनेत ते कमीच. तंतूंमुळे पोट साफ राहायला मदत होते, काळ्या बियांत चांगल्या प्रतीचं तेल असतं, पण बी चावली गेली तरच ते अंगी लागतं. लाल गरातला रंग बीटच्या रंगद्रव्याच्या कुळातला, आणि तो ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या द्रव्यांपैकी आहे. इथवर ठीक. "प्लेटलेट वाढवतं", "मधुमेह बरा करतं" म्हणून खाणार असाल तर पैसे वाचवा आणि डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल तर यातली साखर इतर फळांसारखीच हिशेबात धरा.

लाल गराचं फळ खाल्ल्यावर लघवी किंवा शौच गुलाबी-तांबडं होऊ शकतं. ते रक्त नव्हे. हे आधी सांगून ठेवलं नाही तर घरात रात्री धावपळ होते.

थंड करून, उभं दोन भागांत चिरून चमच्याने खा. मधला भाग सगळ्यांत गोड, कडेचा फिका. पाहुण्याला मधला भाग द्यावा. साठवायचं असेल तर इंचभर फोडी ताटात एकमेकींना न चिकटतील अशा पसरून दोन-तीन तास गोठवा, मग पिशवीत भरा. थेट पिशवीत भरल्या तर एकच दगड होतो.

लाल गराचा रंग पदार्थाला द्यायचा असेल तर तीन गोष्टी पाळा. उकळू नका, कारण रंग उष्णतेने तपकिरी पडतो. खायचा सोडा घालू नका, सोड्याने तो पिवळट होतो. आणि लिंबाचे थेंब घाला, आंबटपणात तो टिकतो. जॅम करतानाही लिंबू हवंच, कारण या फळाला स्वतःचा आंबटपणा जवळपास नसतो आणि नुसत्या साखरेने ते बेचव गोड लागतं. जॅमचा रंग थोडा उतरणार, हे धरून चाला. ताजा गर शेवटी, आच बंद केल्यावर चमचाभर मिसळला तर बराच सावरतो.

कळ्या आणि न धरलेली फुलं फेकू नका, शिजवून खाता येतात. चव सौम्य, पोत भेंडीसारखा थोडा बुळबुळीत. परागीकरण झालं की दुसऱ्या दिवशी मिटलेल्या फुलाच्या पाकळ्यांचा भाग कापून घेतला तरी बुडाचं फळ वाढत राहतं. मधली कुक्षीची दांडी मात्र तशीच राहू द्या.